देणाऱ्याचा रकाना

आमच्या सहजीवन कॉलनीत अजूनही कोणी 'कॉम्प्युटर' म्हटलं की चार बाया पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघतात. मी सभ्य माणूस आहे, तिकडे लक्ष देत नाही. पण अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नेमकं काय झालं ते एकदा माझ्या तोंडून ऐका. कॉलनीत या गोष्टीच्या ज्या आवृत्त्या फिरतात, त्यांतल्या एकीत मी भर दुपारी विहिरीत लपून बसलो होतो असं आहे. आमच्या कॉलनीत विहीरच नाही, हे सांगूनही कोणाला पटत नाही.

प्रकरण भांड्यांचं होतं. नागपूरच्या सक्करदऱ्याला आमची लहानशी वस्ती, आणि वस्तीचा एक दंडक. कोणाच्याही घरी लग्न निघालं तर भांडी भाड्यानं आणायची नाहीत. आणली तर शेजारी दारात येऊन विचारतात, "आम्ही काय मेलो होतो?" त्यामुळे प्रत्येक घरातून गंज, पराती, डबे, बादल्या, झारे सोसायटीच्या ऑफिसात जमा होतात, लग्न होतं, पंगती उठतात, आणि सगळी भांडी घासून पुन्हा त्याच खोलीत एका ढिगात येऊन पडतात. खरा समारंभ तिथून सुरू होतो. लग्न दोन दिवसांत आटोपतं, पण भांडी आपापल्या घरी पोचायला पावसाळा उजाडतो.

तुम्ही म्हणाल, भांड्यांवर नावं असतात की. असतात ना! पण कोणाची? आपल्याकडे भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. ज्या बाईनं त्या परातीत जन्मभर कणीक मळली तिचं नाव कुठंही नसतं. ज्यानं एकदा मांडवात येऊन ती परात दिली आणि दोनदा जिलबी मागून घेतली, त्याचं नाव मात्र ठोकून कोरलेलं असतं. म्हणून बाया खुणेसाठी बुडाला नखरंगाचा ठिपका देतात, नाही तर कडीला दोरा बांधतात. लग्नातल्या घासणाऱ्या बाया चिंच आणि विटेचा भुगा घेऊन बसल्या की ठिपके जातात, दोरे जातात, आणि शेवटी ढिगाभोवती उरतात त्या फक्त बाया.

आदल्या वर्षी प्रयागबाईंच्या मुलाच्या लग्नात अशाच एका ढिगात माझ्या बायकोचा, चारुशीलेचा, गंज गेला. आम्ही नागपूरकर पातेल्याला गंज म्हणतो. हा चांगला जाड पितळी गंज होता, बाहेरून चुलीच्या धुरानं काळाकुट्ट, आणि तो तिच्या आईचा होता. सासूबाई वारल्या तेव्हा भावांनी शेत घेतलं, हिनं गंज मागून घेतला. तिनं तो ढीग शेवटच्या चमच्यापर्यंत उपसून बघितला. मिळाला नाही. ती कोणाशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण एका रात्री जेवताना अॅल्युमिनियमच्या गंजातून कढी वाढता वाढता ती म्हणाली, "माय गेली तवा मी एवढी नाई रडली. तवा गंज होता घरी." मी कढी न मागता उठलो.

त्या दिवसापासून तिनं सोसायटीच्या ऑफिसची पायरी चढायची नाही आणि कोणाच्या लग्नाला चमचासुद्धा द्यायचा नाही असं ठरवलं.

एवढ्यात शेजारच्या चंपतरावांच्या देवकीचं लग्न ठरलं. चंपतराव सरकारी जमिनींच्या नझूल ऑफिसातून रिटायर झालेले. उभा जन्म त्यांनी लोकांना सल्ला दिला की "हे काम इथं होत नाही", आणि रिटायर झाल्यावर उलटं सुरू केलं. आता त्यांच्या मते प्रत्येक काम होतं, फक्त दुसऱ्यानं करायचं असतं.

"मनोहरराव," बशीत चहा ओतत ते म्हणाले, "तुमच्या हिंगण्याच्या फॅक्टरीत तो कॉम्प्युटर आला म्हणता ना? पंपाचा नटबोल्ट कोण्या खोक्यात हाये ते सांगते म्हणता. मंग आमच्या गंज-पराती काहून नाई सांगणार?"

मी त्या फॅक्टरीत स्टोअर्समध्ये. कॉम्प्युटर शिकायला कंपनीनं मला पाठवलं, कारण बाकी सगळ्यांनी रजा टाकली होती. 'नाही' म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. पण आतल्या खोलीत पोळ्या लाटायचा आवाज थांबला आणि चारुशीला पिठाच्या हातांनी दारात आली.

"खरंच सापडते का? मंग माझा गंजबी सापडन?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, "हमखास!"

नवऱ्यांनी हा शब्द वापरू नये असं माझं आता मत आहे.

कॉम्प्युटर वापरायला परवानगी लागते. मी अर्ज केला. स्टोअर्समधून तो पर्सोनेलला गेला, तिथून अकाउंट्सला. अकाउंट्सनं विचारलं, 'सदर भांडी ही कंपनीची मालमत्ता आहे काय?' मी लिहिलं, नाही. त्यांनी विचारलं, 'नसल्यास ती कंपनीच्या यंत्रात ठेवण्याचे कारण काय?' भांडी यंत्रात ठेवायची नाहीत, भांड्यांची माहिती ठेवायची आहे, असा खुलासा मी केला. त्यावर माहिती किती जागा व्यापेल आणि रात्री तिथंच राहणार काय, अशी विचारणा आली. शेवटी कॉम्प्युटर विभागाचे ठवकर साहेब कंटाळले. त्यांच्या आईचा कुकर एका मुंजीत गेला होता. ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत येत जा. चपला बाहेर काढा आणि कोणाले सांगू नका."

माहिती रात्री कंपनीत राहू नये म्हणून फ्लॉपी घरी न्यायची, तर गेटवर आणखी वेगळंच. पहारेकऱ्याकडे बाहेर जाणाऱ्या वस्तूंचे दोनच प्रकार होते, तयार माल आणि भंगार. फ्लॉपी उलटीपालटी करून त्यानं विचारलं, "ह्याच्यात काय हाये?" मी म्हणालो, "कॉलनीची सगळी भांडी." त्यानं माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं आणि भंगारात नोंद केली.

सोसायटीच्या ऑफिसात मी स्टोअर्सच्या पद्धतीनं काम मांडलं. येणाऱ्या प्रत्येक भांड्याला तारेनं पत्र्याचा नंबरी बिल्ला. नंबर, प्रकार, धातू, भांडं कोणाच्या घरचं आणि त्यावर कोरलेलं देणाऱ्याचं नाव, असे रकाने आखले. बाया भांडी आणून ठेवत होत्या, मी लिहून घेत होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाता खाता हिंगण्याला टाइप करत होतो. सिंधूताई गोतमाऱ्यांनी तर एक लखलखीत पितळी गंज ओच्यात धरून आणला. त्यावर कोरलं होतं, 'रुपराव गोतमारे'.

"आमच्या मामंजींचा हाये," त्या म्हणाल्या. "देवाजवळ ठेवते मी. देवकीचं लग्न हाये म्हणून देऊन राहिली, नाई तर कोणाले हातबी लावू देत नाई."

मी आदरानं बिल्ला बांधला. सासऱ्याचं नाव असलेलं भांडं देवाजवळ ठेवणारी सून आजकाल कुठं मिळते, असंही मी घरी येऊन चारुशीलेला ऐकवलं.

आता माझा कार्यक्रम, म्हणजे कॉम्प्युटरचा, फक्त देणाऱ्याच्या नावावरून भांडं शोधायचा. मला वाटलं होतं काम झालं. पण बायांना नावावरून काहीच नको होतं. कंपनीच्या बसमधून उतरलो की नाक्यावर त्या माझी वाट बघत उभ्या असायच्या. गोपिकाबाईंना विचारायचं होतं, ढिगात तांब्याची भांडी किती. दुसरीला हवं होतं एका घरची सगळी भांडी. प्रयागबाई म्हणाल्या, "बादल्या किती आल्या तेवढ्या सांगा, बाकीचं मले काही करायचं नाई." मी सकाळी प्रश्न घेऊन जायचो, संध्याकाळी उत्तरं आणायचो. धातूवरून शोधायला मी वेगळा कार्यक्रम लिहिला, प्रकारावरून शोधायला आणखी एक, घरावरून तिसरा. रोज नवी बाई नवा रकाना धरून बसायची. माझं जेवण सुटलं, फ्लॉपी भरली, आणि स्टोअर्समध्ये लोक मला 'बर्तनवाले' म्हणायला लागले.

एक दिवस ठवकर साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो मनोहरराव, रकान्यागणिक कार्यक्रम लिहून राहिले का तुम्ही? कार्यक्रम एकच लिहा. कोणत्या रकान्यात शोधायचं ते चालवताना विचारा. जे नाव टाइप केलं जाईल ते एका डबीत ठेवा, आणि डबीच्या आधी ते इंग्रजी अँडचं वेटोळं चिन्ह टाका. मशीन डबी उघडते, आत रकान्याचं नाव बघते आणि त्याच रकान्यात शोधते."

मी ते चिन्ह टाकलं. मशीननं विचारलं, 'कोणता रकाना?' मी धातू म्हटलं, तिनं तांबं दाखवलं. घर म्हटलं, तिनं घर दाखवलं. अहाहा! इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या विनयानं मला 'कोणता?' असं कोणी विचारलं नव्हतं. घरी जाऊन मी हे सगळं कॉलनीच्या बायांना पाटीवर काढून समजावलं. प्रयागबाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "रकाना मले काय ठाऊक? तुमच्या मशीनले म्हणा, जिथी असन तिथी शोध." दुसऱ्या दिवशी मी हे हसत हसत साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, सगळ्यांना हेच पाहिजे असतं.

चारुशीलेनं मात्र काही विचारलं नव्हतं. पाटीच्या कार्यक्रमानंतर ती हळूच म्हणाली, "माझ्या गंजावर नाव नाई. तुम्ही आतून पाहा. काठाच्या खाली भोक बुजवाले डाख देल्लेला हाये, रुपयाएवढा."

"डाखाचा रकाना नाही," मी म्हणालो.

"मंग टाका ना."

"आता रकाना टाकायचा म्हणजे सगळी भांडी पुन्हा आतून तपासावी लागतील. असं मध्येच काही करता येत नाही. त्याला शास्त्र असतं."

मी देणाऱ्याचा रकाना रिकामा असलेली पितळी भांडी शोधली. एक झारा निघाला. तो मी तिला सांगितलासुद्धा नाही.

देवकीचं लग्न थाटात झालं. भांडी घासून ढिगात आली. चंपतरावांनी जाहीर केलं की यंदा पावसाळ्याची वाट बघायची नाही, रविवारी भांडी घरोघर पोचतील, मनोहररावांचं मशीन पोचवणार. शनिवारी दुपारी मी प्रत्येक घराच्या चिठ्ठ्या छापायला बसलो, तोच त्यांचा फॅक्टरीत फोन आला.

"मनोहरराव, एक छोटंसं काम. त्या ढिगात मी देल्लेली भांडी किती हायेत ते पाहून सांगा बरं. व्याह्यांना सांगायचं होतं. म्हणजे सहज."

मी रकाना बदलला, 'घर' काढून 'देणारा' टाइप केलं, चंपतराव शोधले. चांगली मोठी यादी निघाली. ती त्यांना वाचून दाखवली, ते "वा, वा" म्हणाले, फोन ठेवला. तोवर ठवकर साहेब किल्ली हातात घेऊन दारात उभे. एसी बंद करायची वेळ झाली होती. मी घाईत कळ दाबली, चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि बस पकडली.

डबीत अजून 'देणारा' होता. मी बदलला नव्हता. मशीननंही आठवण करून दिली नाही. विनयाचा एक तोटा असतो.

रविवारी सकाळी दोन ठेलेवाले चिठ्ठ्या घेऊन निघाले. मी कूलरसमोर आरामखुर्ची टाकली आणि कॉलनी माझा सत्कार नारळानं करेल की शालीनं, याचा विचार करत पडलो. मे महिना, बाहेर ऊन असं की कावळासुद्धा उडायला तयार नाही. आणि त्या उन्हात डोक्यावर परात धरून प्रयागबाई आल्या.

"मनोहरभाऊजी! ही परात मी गोपिकेच्या वास्तुशांतीत देल्ली होती. तिनं वापस धाडली! मले सांगा, माझ्या आहेराले काय किडे लागले होते?"

आहेर परत करणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे दोन घरांत खून झाला तर बोलणं सुरू राहू शकतं, पण आहेर परत आला की पुढच्या पिढीतसुद्धा कोणी कोणाकडे पाणी पीत नाही. मी उठून उभा राहिलो.

त्यांच्यामागून गोपिकाबाई आल्या, हातात जेवणाचा चार पुडांचा डबा. "मी हा डबा प्रयागबाईच्या सुनेले देल्ला होता. हा चंपतरावच्या घरून आला, चिठ्ठीवर तसंच लिहून हाये. काहून वं प्रयागबाई? त्यायच्या घरी हा गेला कसा?"

प्रयागबाई एकदम आमच्या कूलरकडे बघायला लागल्या. "नवा घेतला का हो?" त्यांनी मला विचारलं.

मग रांगच लागली. त्या दिवशी आमच्या कॉलनीनं एकमेकींना दिलेलं सगळं आपापल्या देणाऱ्याकडे परत गेलं होतं. कोणी कोणाचा आहेर पुढं ढकलला होता, कोणी त्यावरचं नाव घासायचा प्रयत्न केला होता, सगळं उघड्यावर. शेवटच्या ठेल्यावरून तर माझ्याच दारात स्टीलच्या पेल्यांची पेटी उतरली. एकदा सेलमध्ये मी एकसारखे पेले घाऊक घेऊन ठेवले होते आणि चार वर्षं कॉलनीतल्या प्रत्येक कार्याला त्यातलेच सहा देत होतो. आता ते सगळे एकत्र जमले होते. गोंगाट ऐकून आलेल्या चंपतरावांनी पेल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एकच डिझाइन! निवड पक्की हाये तुमची."

"चूक मशीनची आहे," मी म्हणालो.

"मशीनले कोणं सांगतलं?" सिंधूताईंचा आवाज आला. त्या फाटकातून आत येत होत्या, मागं ठेलेवाला. त्यांनीही बरंच काही दिलं होतं आणि ते सगळं परत आलं होतं. "मी आतापावेतो कोणाचं वाईट केलं नाई, अन् सगळ्या गावानं माझे आहेर तोंडावर फेकले! हे घ्या तुमचं कॉम्प्युटरचं सामान. मले काहीच नको. उतरव रे सगळं!"

ठेल्यावर काय काय आहे ते त्यांनी रागात बघितलंच नव्हतं. ठेलेवाल्यानं ठेला तिरपा केला. पराती, डबे, गंज, सगळं आमच्या अंगणात फरशीवर खणाखण आलं. त्या गोंगाटात एक भांडं शेवटी पडलं आणि घुमत घुमत, थरथरत, हळूहळू थांबलं.

चारुशीला आत होती. सकाळपासून ती या प्रकरणात बाहेरच आली नव्हती. तो शेवटचा आवाज ऐकला आणि ती धावत अंगणात आली, अनवाणी, त्या तापलेल्या फरशीवर. तिनं कोणाकडे बघितलं नाही. ढिगाशी बसली, वरच्या पराती बाजूला केल्या आणि तो लखलखीत पितळी गंज दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

"माझ्या मायचा गंज," ती म्हणाली.

सिंधूताईंचा राग जागच्या जागी थांबला. "अवं चारू, तो आमच्या मामंजींचा हाये. नाव पाय ना त्याच्यावर."

"नाव मी कधी पायलंच नाई. काळा होता तो." चारुशीलेनं गंज तिरपा केला आणि आत बोट नेलं. "हे पाहा, काठाखाली डाख. मी पाच वर्षांची होती. चुलीवरून ओढला मी, खाली पडला, भोक पडलं. ऊन वरण माझ्या पायावर सांडलं होतं." तिनं लुगडं जरासं वर केलं. घोट्यावर जुना डाग होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो डाग मी बघितला होता, पण कशाचा ते कधी विचारलं नव्हतं.

सगळ्या बाया खाली वाकल्या. डाख होता. रुपयाएवढा.

माझी काय अवस्था झाली ते काय सांगू! मी स्वतः त्या गंजाला बिल्ला बांधला होता. नंबर घातला होता, प्रकार लिहिला होता, धातू लिहिला होता. घरी जाऊन त्याचं कौतुकसुद्धा केलं होतं. ज्या गंजातली कढी मी वर्षानुवर्षं ओरपली तो माझ्या हातात आला आणि मला ओळखता आला नाही. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण नागपूरची जमीन मे महिन्यात फार टणक असते.

सिंधूताई तिथंच पायरीवर बसल्या. "मागच्या वर्षी प्रयागबाईच्या घरचं लग्न झालं तवा हा माझ्या वाट्याले आला," त्या सांगायला लागल्या. "चकचकीत घासलेला. मामंजींचं नाव दिसलं. मले वाटलं, सासूबाईनं कोणाले देल्ला असन, वापस आला. मी हात जोडले अन् घरी नेला. चोरी नाई केली वं मी."

"कोण म्हणते चोरी?" चारुशीला म्हणाली. "पण ताई, माझ्या मायच्या गंजावर तुमच्या सासऱ्याचं नाव कसं?"

आता कॉलनीला भांडणाचा विसर पडला. असा नात्यागोत्याचा प्रश्न नागपुरात कोणालाही विचारा, माणूस जेवणावरून उठून येईल. "तुह्या मायचं गाव कोणतं वं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"काटोलजवळचं."

"अन् मामंजी काटोलच्या शाळेत मास्तर होते," सिंधूताई सावकाश म्हणाल्या.

चारुशीलेनं गंज मांडीवर घेतला. "माय सांगे मले. तिले शाळेत जाऊ देत नव्हते. मास्तर घरी येऊन आज्याशी भांडला, अन् ती चौथी शिकली. मंग तिच्या लग्नात मास्तर पायी आला अन् हा गंज देल्ला. ती नुसतं 'मास्तर' म्हणे. नाव तिनं कधी घेतलं नाई, अन् मी विचारलं नाई."

कूलरचा पंखा तेवढा घरघरत होता. मग सिंधूताईंनी एकदम तोंडावर हात मारून घेतला.

"अवं माय! मामंजींनं देल्लेला आहेर मी मेलीनं वापस घेतला! अन् वर्षभर देवाजवळ ठेवून पूजा करून राहिली!"

आधी हसली ती चारुशीला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही हसतेय. मग प्रयागबाई हसल्या, गोपिकाबाई हसल्या, आणि पाहता पाहता आमच्या अंगणातली सगळी परत आलेली भांडी बायांनी आपसांत वाटायला सुरुवात केली. कॉम्प्युटर नाही, चिठ्ठी नाही. "हे तुहं, हे माहं, हा डबा तू मले पुन्हा दे, मी तुले पुन्हा देते." उन्हं उतरायच्या आत अंगण रिकामं झालं. फक्त माझे पेले कोणी नेले नाहीत.

सिंधूताईंनी मात्र गंज तिथं ठेवला नाही. रिकामं भांडं द्यायचं नसतं म्हणून घेऊन गेल्या, आणि संध्याकाळी तो काठोकाठ सांबारवड्यांनी, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांनी, भरून, वर खण-नारळ ठेवून घेऊन आल्या. "हा आमच्या घरचा आहेर," त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांदा." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चंपतराव वडी तोंडात टाकत मला म्हणाले, "मनोहरराव, तुमचं मशीन चुकलं म्हणून सापडला. बरोबर चाललं असतं तर सिंधूताईच्याच देवाजवळ राहिला असता." मला त्यांचा फार राग आला. बरोबर होतं ते.

दोन दिवसांनी चारुशीला म्हणाली, "इतवारीत जाऊ. गंजावर नाव टाकायचं हाये." तिथल्या भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत एक म्हातारा कारागीर विजेच्या यंत्रावर नावं कोरून देतो. मी रात्री बसून मजकूर तयार केला होता. एवढ्या अनुभवानंतर मी कुठलाही रकाना सोडणार नव्हतो. सासूबाईंच्या नावापासून, 'कै. सौ. भागीरथाबाई' इथपासून सुरुवात करून त्यांच्या यजमानांचं नाव, गाव, देणाऱ्याचं नाव, सध्या कोणाकडे, घर नंबर, कॉलनी, नागपूर, असं सगळं. कारागिरानं कागद वाचला, गंज फिरवून बघितला.

"एवढं मावणार नाई साहेब. गंज लहान पडते."

चारुशीलेनं माझ्या हातातून कागद घेतला आणि घडी करून माझ्याच खिशात ठेवला. रुपराव गोतमाऱ्यांच्या नावाखाली तिनं बोट ठेवलं.

"इथी टाका. भागीरथा."

"फक्त भागीरथा? आडनाव?"

"नाई."

"कोणाकडून ते?" त्यानं चष्मा वर करून विचारलं. त्याला तसं विचारायची सवय होती.

"कोणाकडून नाई," चारुशीला म्हणाली. "तिचाच होता."

त्यानं मान हलवली आणि यंत्र सुरू केलं.